आयरिश लोहाराचा मोडा

विचारणा: आयर्लंडच्या खेड्यांतल्या लोहारकामावरचा लेख मराठीत करतेय. गुड फ्रायडेला लोहार खिळा ठोकत नसे, कारण ख्रिस्ताला क्रुसावर खिळ्यांनीच जखडलं होतं. ११ नोव्हेंबरला, संत मार्टिनच्या दिवशी, पुष्कळ गावांत चाक फिरवायचं नाही: ना चरख्याचं, ना गिरणीचं, ना गाडीचं. संताचा जीव चाकाखाली गेला अशी लोककथा आहे. याला ‘सुट्टी’ कसं म्हणू? शिवाय ‘पॅटर्न डे’ आहेच, त्याला मराठीत काय म्हणू? लोहाराच्या हौदातलं पाणी चामखिळीवर लावत, त्या पाण्याला काय म्हणायचं?

प्रतिसाद: मोडा! अमावास्येला औत धरत नाहीत, त्याला आमच्याकडे मोडा पाळणं म्हणतात. खंडेनवमीची उपमा मात्र देऊ नका. तेव्हा अवजारं पूजेसाठी विसावतात. इथे दोष खिळ्याचा.

प्रतिसाद: ‘पॅटर्न’ हे ‘पेट्रन’चं बदललेलं रूप, म्हणजे गावाच्या रक्षक संताचा दिवस. पवित्र विहिरीभोवती फेऱ्या, मोजायला हातात खडे, आणि नंतर बाजार, नाच, दारू, क्वचित डोकी फुटणं. जत्राच की! संताचा सण बहुधा त्याच्या मृत्युदिनी येतो, म्हणून अर्थाने ‘उरूस’ जास्त जवळचा. पण वाचकाला लगेच दर्गा दिसेल. गोव्याचे वाचक असतील तर सरळ ‘फेस्त’ लिहा. फेऱ्यांना ‘प्रदक्षिणा’ चपखल बसतं, कारण त्याही उजवीकडूनच घालतात. आयरिश ‘देस’ म्हणजे उजवा आणि दक्षिण, दोन्ही. आपल्या ‘दक्षिण’चाच तो दूरचा भाऊबंद.

प्रतिसाद: ‘लोहार’च ठेवा, ‘नालबंद’ अपुरा पडतो. तोच घोड्याला नाल मारी, नांगराच्या फाळाला धार लावी, चाकाला धाव चढवी. काही भागांत जनावर कापलं की मुंडकं लोहाराला जाई, तरी ‘बलुतं’ म्हणू नये. बलुत्यामागे वतन आणि जात येते, तिथे ती चौकट नव्हती. धंदा बापाकडून मुलाकडे जाई, इतकंच. आयरिशमध्ये लोहार म्हणजे ‘गाऊ’. मॅकगोवन हे आडनाव त्यातूनच आलं, म्हणजे लोहाराचा मुलगा. कॅव्हन परगण्यात त्यातल्या अनेकांचं पुढे स्मिथ (इंग्रजीत लोहार) झालं.

प्रतिसाद: हौदाच्या पाण्याबद्दल: ‘पाणी देणं’ टाळा, ते धारेला कडकपणा आणण्यासाठी असतं. ‘लोखंड विझवलेलं पाणी’ म्हटलं की कोणालाही कळेल.