सहा महिने जीभ पोळल्यासारखी. मदत हवी आहे

रातकिडा_५३:
सहा महिने झाले, जिभेचं टोक आणि टाळू गरम चहाने पोळल्यासारखे चुरचुरतायत. तोंड आलेलं नाही. फोड नाही, पांढरं नाही, लाल नाही. तीन डॉक्टर झाले. एकाने बी-कॉम्प्लेक्स दिलं, दुसऱ्याने लावायचं जेल. तिसऱ्याने बॅटरी मारून पाहिलं आणि म्हणाला, मनावर घेऊ नका. मनावर नाही हो, जिभेवर आहे! रात्री वाटीत बर्फाचे खडे घेऊन बसते. कुणाला असं झालंय का? तूप, मध, ज्येष्ठमध सगळं करून झालंय. जरा लवकर सांगा.

खलबत्ता:
ताई, ही उष्णता. झोपताना साजूक तूप जिभेवर चोळा.

रातकिडा_५३:
वाचता का हो तुम्ही?

मुंगूस:
तोंड आलं की जाईचा पाला चावायचा. दोन दिवसांत फोड साफ.

दाढदुखी:
फोड नाहीत म्हणतायत त्या. मी दंतवैद्य आहे, पण न बघता निदान करत नाही. पाळी गेली का? कवळी आहे? साखर, थायरॉइड? गोळ्या कोणत्या? जेवताना वाढतं की कमी होतं? सुपारी?

रातकिडा_५३:
पाळी जाऊन दोन वर्षं झाली. कवळी नाही. गोळ्या नेहमीच्याच. सकाळी उठल्यावर बरं असतं, दुपार कलली की सुरू. जेवताना चक्क विसरायला होतं, म्हणून घरचे म्हणतात नाटकं करते.

पंचगंगाकाठ:
सुपारीचं उत्तर टाळलंत. आमच्या मेव्हण्याचं असंच. तिखटाचा घास गेला की आग आग. आता तोंडात दोन बोटं जाईनात. २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे म्हणे, ह्याला रोज मिळतो.

रातकिडा_५३:
मी सुपारीला हात लावत नाही.

पंचगंगाकाठ:
मशेरी?

रातकिडा_५३:
अहो!!

दाढदुखी:
चिडू नका, विचारावं लागतं. पण मेव्हण्यांचं प्रकरण वेगळं दिसतंय. सुपारीने गालाची आतली कातडी ताठते, पांढरट पडते, तिखट सोसत नाही. पुढे त्यातून कॅन्सर होऊ शकतो, त्यांना ह्याच आठवड्यात दाखवा. ताईंचं जेवताना कमी होतंय, म्हणजे उलटं. ताई, 'नेहमीच्याच' गोळ्या म्हणजे कोणत्या?

शेवगा:
बी-१२ हो, दुसरं काय! अंडी सुरू करा.

खलबत्ता:
आमची आजी दही-ताकावर नव्वद वर्षं जगली. अंडं पाहिलंही नव्हतं.

शेवगा:
आजीचं बी-१२ कुणी तपासलं होतं?

पंचगंगाकाठ:
आमच्याकडे तांबडा-पांढरा ओरपून कुणाची जीभ जळत नाही.

वैनगंगा:
सावजी खाऊन बघा एकदा, मग बोला.

(ह्यापुढचे अकरा प्रतिसाद रश्श्यावर.)

रातकिडा_५३:
रश्श्याचा धागा वेगळा काढा. गोळ्यांचा डबा उघडला. साखरेची मेटफॉर्मिन, नऊ वर्षं. बीपीची रामिप्रिल, सातएक महिने.

दाढदुखी:
हे पहिल्या दिवशी लिहायचं ना! मेटफॉर्मिनने बी-१२ उतरतं. रामिप्रिलच्या जातीच्या गोळ्यांनीही काहींची जीभ जळते, आणि तुमचे महिने जुळतायत. स्वतःहून बंद करू नका, डॉक्टरांना डबा दाखवा. बी-१२, फेरिटिन (अंगातला लोहाचा साठा), थायरॉइड, तीन महिन्यांची साखर करा. बुरशी आणि लाळ कमी आहे का, तेही बघायला सांगा. सगळं नीट आलं तर उरतो बर्निंग माउथ सिंड्रोम. पाळी गेलेल्या बायकांत जास्त दिसतो. तोंड वरून ठणठणीत, बिघाड नसांचा. त्यात क्लोनाझेपामची गोळी तीन मिनिटं चोखून लाळ थुंकून टाकायला देतात, अर्थात चिठ्ठीवर.

मुंगूस:
ती झोपेची गोळी! सवय लागते.

दाढदुखी:
म्हणून तर थुंकायला सांगतात. तरी थोडी अंगात जातेच, सुस्ती येते. फुकट सल्ला हवाय? फेस न येणारी टूथपेस्ट वापरा, दालचिनी आणि अल्कोहोलवालं माउथवॉश बंद.

रातकिडा_५३:
(नऊ दिवसांनी) बी-१२ आलं १४१, कागदावर खालची हद्द २०० ची. बाकी ठीक. इंजेक्शनं सुरू झाली आणि डॉक्टरांनी बीपीची गोळीही बदलली. दोन्ही एकदम, म्हणजे बरं वाटलं तर कशामुळे ते कळायचंच नाही. बर्फ अजून लागतो, पण काल रात्री वाटी तशीच वितळली.

खलबत्ता:
तूप बंद केलं नाहीत ना?