किंग रँच इतक्या पिढ्या एकत्र कसे राहिले?

मांजलपूरकर, वडोदरा:
नमस्कार. पाद्र्याजवळचा आमचा गीर गायींचा गोठा आजोबांच्या काळापासून चालू आहे आणि आता आम्हा चुलत भावंडांत वाटणीचा विषय निघाला आहे. अमेरिकेत टेक्सासमधील किंग रँच, म्हणजे गुरे पाळण्याचा अवाढव्य मळा, १८५३ पासून एकाच घराण्याकडे आहे. तेथे हा प्रश्न कसा सुटला, हे कोणी जाणकार सांगू शकेल का?

रावपुरेकर:
वाटणी तेथेही झाली. संस्थापक रिचर्ड किंग हे मूळचे नदीवरील आगबोटींचे कप्तान. दुष्काळाने होरपळलेल्या मेक्सिकोतील क्रुइयास गावाची गुरे विकत घेतल्यावर त्यांनी तेथील कुटुंबांनाही काम आणि निवारा देऊन रँचवर आणले. या गुराख्यांचे वंशज, म्हणजे 'किनेन्यो', पुढे पिढ्यान्‌पिढ्या तेथेच राबले, आणि माझ्या मते घराण्याइतकेच श्रेय त्यांचे आहे. १८८५ मध्ये किंग वारले तेव्हा जमिनीबरोबर मोठे कर्जही मागे राहिले; पत्नी हेन्रिएटा यांनी कारभार रॉबर्ट क्लेबर्ग यांच्याकडे सोपवला, जे पुढे त्यांचे जावई झाले. त्या १९२५ मध्ये गेल्यावर वारसांचे वाटे पडले आणि काही जमीन वेगळी झाली. परंतु क्लेबर्ग शाखेने १९३३ मध्ये तेल कंपनीशी करार करून पैसा उभा केला आणि १९३४ मध्ये रँचची कंपनी केली, त्यामुळे पुढच्या वारसांच्या वाट्याला कुरणाचे तुकडे न येता शेअर आले.

दांडिया बाजार:
गुरांचाही विचार करावा. शॉर्टहॉर्न गुरांना दक्षिण टेक्सासचे ऊन आणि गोचीड सोसत नसत, म्हणून तेथे वशिंडाचे ब्राह्मन वळू आणले गेले. ही ब्राह्मन जात आपल्या गीर, कांकरेज, ओंगोल यांच्याच रक्ताची आहे. १९२० मध्ये जन्मलेल्या 'मंकी' नावाच्या तांबड्या खोंडापासून सांता गर्ट्रुडिस जात स्थिर झाली आणि १९४० मध्ये तिला मान्यता मिळाली. एवढी जोपासना वळू आणि कालवडींच्या नोंदी एकाच वहीत राहिल्यानेच साधते. चार गोठे झाले की चार वह्या होतात आणि वंशावळ तुटते.

रावपुरेकर:
अगदी खरे आहे. गुजरातेत शेतजमीन कंपनीच्या नावे करण्यास कुळकायद्याचे निर्बंध आहेत, म्हणून जमीन सातबाऱ्यावर आहे तशी ठेवून गुरे आणि दूधधंदा भागीदारीत आणावा, असे मी सुचवीन.

मांजलपूरकर, वडोदरा:
मनापासून आभार. भागीदारीचा मार्ग आम्हाला पटण्यासारखा आहे. गाभण गायींचे आणि वळूचे मोल भागीदारीपत्रात कसे धरावे, याचा कोणाला अनुभव असल्यास अवश्य लिहावे.