झेडवॉर्निंग शून्य आले म्हणजे डेटा स्वच्छ झाला का?

ताळगाव पठार

गोव्यात जून ते सप्टेंबर आकाश मिळत नाही, आणि एमएससीच्या प्रकल्पांचे विषय नेमके याच दिवसांत ठरतात. मग एसडीएसएसचा (स्लोन डिजिटल स्काय सर्व्हे या आकाश-सर्वेक्षणाचा) सार्वजनिक डेटा हीच आपली दुर्बीण. त्याबद्दल तक्रार नाही, उलट अशी दुर्बीण फुकट मिळते हे भाग्यच. तक्रार वापरण्याच्या पद्धतीबद्दल आहे. स्कायसर्व्हर या त्यांच्या संकेतस्थळावर 'झेडवॉर्निंग (पाइपलाइनने, म्हणजे आपोआप चालणाऱ्या संगणकीय विश्लेषणाने, रेडशिफ्टबद्दल दिलेला इशारा) बरोबर शून्य' एवढी एक अट घालायची, पन्नास हजार वर्णपट उतरवायचे आणि दुसऱ्या दिवशी आलेख काढायला बसायचे, हे थांबायला हवे.

झेडवॉर्निंग ही बिटांची बेरीज आहे. बिट ० लागला तर तो फायबर (एकेका वस्तूचा प्रकाश वर्णपटमापकाकडे नेणारा काचतंतू) कोऱ्या आकाशावर होता. बिट २ म्हणजे पहिल्या आणि दुसऱ्या क्रमांकाच्या जुळणीत रिड्यूस्ड काय-स्क्वेअरचा (मॉडेल वर्णपटापासून किती दूर आहे याच्या मापाचा) फरक ०.०१ पेक्षाही कमी. बिट ७ म्हणजे फायबर प्लेटमध्ये (वस्तूंच्या जागी भोके पाडलेल्या धातूच्या पत्र्यात) बसलाच नव्हता किंवा तुटलेला होता. हे सगळे बिट एकाच प्रश्नाभोवती फिरतात: रेडशिफ्टवर (वर्णपटातल्या रेषा तांबड्याकडे किती सरकल्या या मापावर) विश्वास ठेवावा का? फ्लक्सचा उतार बरोबर आहे का, आकाशाची रेषा नीट वजा झाली का, वेगविस्तार (आकाशगंगेतल्या ताऱ्यांच्या वेगांतला पसारा) मोजण्याइतका सिग्नल आहे का, यांबद्दल हा फ्लॅग काहीच बोलत नाही. वेगविस्ताराचेच घ्या. सिग्नल-टू-नॉइज १० च्या खाली असेल किंवा उत्तर सेकंदाला ७० किमीच्या खाली येत असेल, तर तो आकडा वापरू नये असे एसडीएसएसच्याच मार्गदर्शनात आहे. झेडवॉर्निंग शून्य असलेल्या हजारो ओळींत असले आकडे बसलेले असतात.

प्रत्येक रिलीजबरोबर ज्ञात त्रुटींचे पान येते. त्यातली कुठली त्रुटी आपल्या मोजमापाला लागू पडते हे विद्यार्थ्याने एका पानात लिहून दिल्याशिवाय मार्गदर्शकाने त्याला पुढे जाऊ देऊ नये, असे माझे मत आहे.

साखळीकर

पठारबाब, मला हे पटत नाही. एसडीएसएसमधल्या बॉस या सर्वेक्षणाच्या 'सीमास' नावाच्या आकाशगंगा-नमुन्याचे आकडे छापलेले आहेत. पाइपलाइनने ९८.७ टक्के वर्णपटांना स्वतःहून खात्रीचे वर्गीकरण दिले, आणि डोळ्यांनी तपासलेल्या नमुन्यावरून या खात्रीच्या उत्तरांपैकी चुकीची निघाली सुमारे ०.२ टक्के. पन्नास हजारांत शंभर. तुमचा विद्यार्थी रंग आणि वस्तुमान यांचा मध्यक काढणार असेल, तर त्या शंभरांनी मध्यकाला धक्काही लागत नाही. प्रकल्पाला हातात एक सत्र असते. त्यातला महिना त्रुटींच्या पानावर गेला, तर विद्यार्थी विज्ञान कधी करणार?

शिवाय फ्लॅग पुरत नाही म्हणून 'वर्णपट डोळ्यांनी पाहा' असे कुणी म्हणेल, पण ते म्हणणे सोपे आहे. दोन विद्यार्थ्यांना तेच दोनशे वर्णपट द्या, दोन वेगळ्या याद्या मिळतील. पाइपलाइन निदान दोन्ही वेळेला सारखी चुकते.

मांडवी

साखळीकरसर, मध्यकापुरते तुमचे गणित बरोबर आहे. पण आपल्याकडे अर्धे विषय 'दुर्मीळ वस्तू शोधा' या धर्तीचे असतात, आणि तिथे ते उलटते. दहा हजारांत एक सापडणारी वस्तू शोधायची आणि चुकीचा दर दहा हजारांत वीस, म्हणजे खऱ्या एका उमेदवारामागे खोटे वीस. शोधाची अट जितकी विचित्र, तितके खोटे उमेदवार गाळणीत जास्त अडकतात, कारण विचित्र दिसणे हाच त्यांचा गुण असतो.

गुरुत्वीय भिंगाचा (समोरच्या आकाशगंगेच्या गुरुत्वाने मागच्या आकाशगंगेचा प्रकाश वाकवण्याचा) शोध घ्या. समोरच्या लंबवर्तुळाकार आकाशगंगेचे मॉडेल वजा करायचे आणि उरलेल्या भागात मागच्या आकाशगंगेची एखादी उत्सर्जन रेषा शोधायची, बहुधा आयनित ऑक्सिजनची ३७२८ अँग्स्ट्रॉमची जोडरेषा. आता वातावरणाची हिरवी ऑक्सिजन रेषा हवेत ५५७७.३ वर असते. एसडीएसएसच्या तरंगलांबी निर्वातातल्या असल्यामुळे फाइलीत ती ५५७८.९ वर येते. ही रेषा इतकी प्रखर असते की वजाबाकीत थोडी जरी चूक राहिली तरी तिथे टोक उरते. ३७२८ ची रेषा म्हणून ते टोक वाचले की रेडशिफ्ट येतो ०.४९६. मॅग्नेशियमची २७९९ समजलात तर ०.९९३. लायमन-अल्फा समजलात तर ३.५८९.

म्हणून उमेदवारांच्या रेडशिफ्टचा हिस्टोग्राम सगळ्यात आधी काढावा, आणि या तीन आकड्यांवर सुळका दिसला तर तिथेच थांबावे. एकेका उमेदवाराची तपासणीही अवघड नाही. रेडशिफ्ट खरोखर ०.४९६ असेल तर हायड्रोजन-बीटा ७२७६ च्या आसपास आणि ऑक्सिजनची ५००८ ची रेषा ७४९४ च्या आसपास दिसायला हवी. तिथे काहीच नसेल तर ते टोक आकाशाचे धरून चालावे. ५५६५ ते ५५९० हा पट्टा मास्क करताना आणखी एक गोष्ट लक्षात असू द्या: अंतिम वर्णपट सूर्याच्या चौकटीत सरकवलेला असतो, त्यामुळे वातावरणाची रेषा प्रत्येक प्लेटमध्ये अर्ध्या अँग्स्ट्रॉमपर्यंत इकडेतिकडे होते. एकच पिक्सेल उडवून भागत नाही.

साखळीकर

दुर्मीळ वस्तूंचे मान्य. पण मग नियम दुर्मीळ वस्तूंच्या प्रकल्पांना लावा, सरसकट सगळ्यांना कशाला?

कुशावती

पठारबाब आणि मांडवी, मी तुम्हा दोघांच्याही विरुद्ध बोलणार आहे. तुम्ही दोघे धरून चालला आहात की झेडवॉर्निंग शून्य ही अट ढिली आहे. क्वेसारांसाठी (आकाशगंगांच्या अतितेजस्वी केंद्रांसाठी) ती नको तितकी कडक आहे.

बिट ४, किंमत १६, नाव मेनी आउटलायर्स. मॉडेलपासून पाच सिग्मांहून दूर गेलेले बिंदू ठरावीक प्रमाणाबाहेर गेले की तो लागतो. बिघडलेल्या वर्णपटाला लागतो हे खरे, पण अतिशय उत्तम सिग्नल असलेल्या वर्णपटालाही लागतो, कारण तिथे नॉइज इतका कमी असतो की टेम्प्लेटमधली (जुळणीसाठी वापरलेल्या नमुना-वर्णपटातली) बारीकशी तफावतही पाच सिग्मांच्या पलीकडे जाते. रुंद उत्सर्जन रेषांच्या क्वेसारांचे तसेच. म्हणजे 'शून्य' मागून तुम्ही सर्वांत चांगले क्वेसारच बाहेर टाकता, आणि मग प्रबंधात लिहिता की रुंद रेषांचे क्वेसार अपेक्षेपेक्षा कमी आढळले. बिट ४ सोडून बाकीचे बिट शून्य आहेत का, असे विचारावे. एसक्यूएलमध्ये (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेत) ते एका बिटवाइज अँडचे काम आहे.

आकाशगंगांसाठी बॉसने वेगळा झेडवॉर्निंग-नो-क्यूएसओ हा रकाना दिला आहे. त्यात जुळणीच्या वेळी क्वेसारांची टेम्प्लेट वगळलेली असतात. सीमाससाठी तो न वापरता मूळ रकाना वापरला, तर चांगल्या आकाशगंगा विनाकारण गळतात. हे सगळे त्याच कागदपत्रांत आहे जी वाचायला वेळ नाही असे साखळीकरसर म्हणतात.

ताळगाव पठार

कुशावतीबाय, तुमचा मुद्दा माझ्याच बाजूचा आहे.

क्वेसारांचा विषय निघालाच आहे तर फ्लक्स कॅलिब्रेशनचे सांगतो. ज्ञात त्रुटींच्या यादीतली ही माझ्या मते सर्वांत महत्त्वाची त्रुटी, आणि तिच्यासाठी कुठलाही बिट लागत नाही.

वातावरण निळा आणि तांबडा प्रकाश वेगवेगळ्या कोनांत वळवते. त्यामुळे दुर्बिणीच्या नाभितलावर एकाच ताऱ्याची निळी आणि तांबडी प्रतिमा थोड्या वेगळ्या जागी पडते. बॉसचा फायबर आकाशात २ आर्कसेकंदांचा. भोक कुठल्या तरंगलांबीसाठी पाडायचे हे आधी ठरवावे लागते. आकाशगंगा आणि कॅलिब्रेशनचे तारे यांच्यासाठी ते ५४०० अँग्स्ट्रॉमला पाडले. क्वेसारांना मात्र लायमन-अल्फा फॉरेस्टसाठी (वाटेतल्या हायड्रोजनने उमटवलेल्या शोषण रेषांच्या गर्दीसाठी) निळा प्रकाश हवा होता, म्हणून त्यांची भोके ४००० ला. शिवाय निळ्याचा फोकस साधावा म्हणून प्लेटच्या कडेकडच्या क्वेसार-भोकांमागे १७५ किंवा ३०० मायक्रॉनची वॉशर लावली. निर्णय योग्यच होता, त्यामुळे निळ्या बाजूला सिग्नल सुधारला. पण कॅलिब्रेशनच्या ताऱ्यांचा निळा प्रकाश फायबरबाहेर सांडत होता आणि क्वेसारांचा सांडत नव्हता. ताऱ्यांवरून काढलेली दुरुस्ती क्वेसारांना लावली की क्वेसार खऱ्यापेक्षा निळे दिसणारच.

रेडशिफ्टला याने काही होत नाही. पण उताराचा घातांक, धुळीमुळे आलेली तांबूस छटा, दूरच्या दोन रेषांच्या फ्लक्सचे गुणोत्तर, हे सगळे बिघडते. डीआर१२ च्या (एसडीएसएसच्या बाराव्या डेटा रिलीजच्या) क्वेसार वर्णपटांसाठी २०१६ मध्ये दुरुस्ती प्रसिद्ध झाली आहे, ती लावूनच उतार मोजावा. पडताळणीही करता येते. क्वेसार म्हणून निवडलेले काही लक्ष्य प्रत्यक्षात तारे निघाले. त्यांचे फायबर क्वेसारांसारखेच ४००० साठी बसवलेले होते. क्वेसारांची तेजस्विता बदलत राहते, पण सामान्य ताऱ्याची तशी बदलत नाही, म्हणून या ताऱ्यांच्या वर्णपटावरून जी, आर, आय या रंगपट्ट्यांतल्या प्रती (मॅग्निट्यूड, म्हणजे तेजाची मापे) काढाव्यात आणि इमेजिंगच्या पीएसएफ प्रतींशी (बिंदूसारख्या प्रतिमेच्या आकारावरून काढलेल्या मापांशी) ताडून पाहाव्यात. जी वजा आरमध्ये सगळे एकाच दिशेला सरकलेले दिसले, तर दुरुस्ती लागलेली नाही.

झुआरीकाठ

एवढे माहीत होते तर रिलीजच का केला? दुरुस्त करूनच द्यायचा होता. जगभरातल्या प्रत्येक विद्यार्थ्याने तीच दुरुस्ती पुन्हा करत बसावे, हा न्याय नाही. सर्वेक्षणाच्या गटाकडे मनुष्यबळ आहे, आपल्याकडे एक प्रयोगशाळा आणि सहा संगणक. ज्ञात त्रुटींचे पान लिहिले म्हणजे जबाबदारी सरली, हे मला मान्य नाही.

मांडवी

यातली बरीचशी चूक रिलीजनंतर, लोकांनी डेटा वापरल्यावरच कळते. डीआर८ मध्ये ४१ अंश उत्तर क्रांतीच्या (डेक्लिनेशनच्या) पलीकडे इमेजिंगच्या स्थानांत सुमारे पाव आर्कसेकंदाची चूक होती. रिलीज झाल्यावर शुद्धिपत्र निघाले आणि सुधारलेली स्थाने डीआर९ मध्ये आली. डीआर८ चे आकडे गुपचूप बदलले नाहीत, आणि तेच योग्य. रिलीज गोठवलेला नसेल तर मार्चमध्ये काढलेला आलेख ऑगस्टमध्ये पुन्हा निघणार नाही, आणि चूक विद्यार्थ्याची की डेटाची हे कुणालाच सांगता येणार नाही.

प्रबंधात 'एसडीएसएसचा डेटा' असे मोघम लिहू नका. रिलीजचा आणि रिडक्शनचा (कच्च्या डेटावरच्या प्रक्रियेच्या आवृत्तीचा) क्रमांक लिहा. डीआर५ वरून डीआर६ वर जाताना फ्लक्सचे मोजमापच फायबर प्रतीवरून पीएसएफ प्रतीवर गेले, फरक सुमारे ०.३ प्रत. जुन्या शोधनिबंधाशी तुलना करताना हे ठाऊक नसेल, तर आकाशगंगा तीस टक्क्यांनी उजळली असे वाटेल.

झुआरीकाठ

गोठवणे पटले. पण मग दुरुस्तीची फाइल मूळ फाइलच्या शेजारीच ठेवा, शोधनिबंधाच्या परिशिष्टात नको. ही मागणी मी सोडत नाही.

कुशावती

ही मागणी रास्त आहे.

जे वर्णपट यादीत नाहीतच त्यांचे काय? बॉसच्या प्लेटवर दोन फायबर ६२ आर्कसेकंदांपेक्षा जवळ बसत नव्हते. रेडशिफ्ट ०.५ ला हे अंतर सुमारे ३८० किलोपार्सेक. प्लेटा एकमेकींवर आल्या तिथे दुसऱ्या फेरीत काहींना फायबर मिळाला, बाकीच्या आकाशगंगा राहूनच गेल्या. जोड्या, समूह, उपग्रह आकाशगंगा, असा विषय असेल तर नेमकी हीच माणसे गैरहजर, आणि गैरहजराला फ्लॅग लागत नाही. क्लस्टरिंगच्या (आकाशगंगा कशा गोळा होतात याच्या अभ्यासाच्या) कॅटलॉगात यासाठी वजने दिली आहेत: शेजाऱ्याला फायबर न मिळाल्याचे एक, शेजाऱ्याचा रेडशिफ्ट न निघाल्याचे एक. दोघांची बेरीज करून एक वजा करायचा आणि इमेजिंगच्या वजनाने गुणायचे. मोठ्या अंतरावरच्या सहसंबंधाला हे चालते. शंभर किलोपार्सेकच्या आतल्या जोड्या मोजायच्या असतील तर वजने वाचवू शकत नाहीत, विषय बदलावा.

साखळीकर

मग देसी (डार्क एनर्जी स्पेक्ट्रोस्कोपिक इन्स्ट्रुमेंट) हे नवे सर्वेक्षण वापरा ना. डीआर१ मार्च २०२५ मध्ये आला, ५००० फायबर यंत्रमानव हलवतात, प्लेट नाही, वॉशर नाही. जुन्या दुखण्यांवर इतका खल कशाला?

मांडवी

देसीची दुखणी वेगळी आहेत. तिथे झेडवॉर्नबरोबर (झेडवॉर्निंगच्या जागी असलेल्या रकान्याबरोबर) फायबरस्टेटसही शून्य लागतो, आणि लक्ष्याच्या प्रकारानुसार कसोटी बदलते. तेजस्वी आकाशगंगांना डेल्टा-काय-स्क्वेअर (पहिल्या दोन जुळण्यांतला काय-स्क्वेअरचा फरक) ४० च्या वर हवा, तांबड्या आकाशगंगांना १५ पुरतो. उत्सर्जन रेषांच्या आकाशगंगांना एकटा डेल्टा-काय-स्क्वेअर चालतच नाही, तिथे ऑक्सिजन जोडरेषेचा सिग्नल सोबत धरतात: त्याचा लॉगरिदम ०.९ वजा डेल्टा-काय-स्क्वेअरच्या लॉगरिदमचा ०.२ पट, याहून मोठा हवा. कारण साधे आहे. रेडशिफ्ट १.५ ते १.६ ला ही जोडरेषा ९३२० ते ९७०० च्या पट्ट्यात जाते, आणि तो पट्टा वातावरणातल्या हायड्रॉक्सिलच्या रेषांनी खचाखच भरलेला आहे.

साखळीकर

ठीक आहे, पानभर टिपणाची अट मी मान्य करतो. पण दोनशे वर्णपट डोळ्यांनी पाहण्याची सक्ती झाली, तर त्याला माझा विरोध राहील.

ताळगाव पठार

साखळीकरबाब, दोनशे हा आकडा तुमचाच, मी मागितलाही नव्हता. मी पन्नास म्हणतो, पण निवडून: पंचवीस निकालाच्या टोकाला बसलेले आणि पंचवीस यादृच्छिक. आणि टोकाचे पंचवीस पाहताना 'लाइट' फाइल नको, पूर्ण फाइल उतरवायची. लाइटमध्ये फक्त एकत्र केलेला वर्णपट असतो, पूर्ण फाइलीत १५-१५ मिनिटांची एक्स्पोजर वेगळी असतात. रेषा एकाच एक्स्पोजरमध्ये दिसली आणि बाकीच्यांत नाही, तर तो वैश्विक किरण. हे ठरवताना दोन विद्यार्थ्यांची दोन मते होत नाहीत.