साल्झबर्ग आणि व्हेनिसच्या मध्ये दोन रात्री कुठे काढाव्यात? गाडी आहे, सासूबाई सोबत आहेत, बजेट बेताचं आहे

रामबागची_सून (इंदूर)

नमस्कार मंडळी. आम्ही चौघं मे अखेरीस युरोपला जायचं ठरवतोय, मी, माझे मिस्टर, ११ वर्षांची मुलगी आणि सासूबाई. सासूबाई ६८ च्या आहेत, तब्येत ठणठणीत पण गुडघे दुखतात, अर्धा किलोमीटर चाललं की जरा बसावं लागतं, जिने नकोच. ग्रुप टूर मुद्दाम घेतली नाही कारण शेजारच्या काकू जाऊन आल्या त्यांनी सांगितलं की रोज पहाटे सहाला बॅगा दाराबाहेर, मग नुसतं बसमधून चढा आणि उतरा. म्हणून भाड्याची गाडी घेऊन आपल्या चालीने फिरायचं असं ठरलं.

आत्तापर्यंतचा प्लॅन असा की मंगळवारी म्युनिकला उतरायचं, २ रात्री तिथे, मग साल्झबर्ग २ रात्री, मग २ रात्री रिकाम्या, मग व्हेनिस २ रात्री (मुलीचा हट्ट) आणि शेवटची रात्र परत म्युनिक. तिकिटं अजून काढली नाहीत.

तर या मधल्या दोन रात्रींसाठी एखादं शहर सुचवा. मिस्टर म्हणतात व्हिएन्ना, दीर म्हणतात बुडापेस्ट स्वस्त आहे, आणि एका मैत्रिणीने ल्युब्लियाना म्हटलं जे मी आयुष्यात पहिल्यांदा ऐकलं. राहणं, खाणं, पार्किंग, फिरणं सगळं धरून दोन दिवसांचे ४०,००० च्या वर जायला नकोत. आम्ही सगळे शाकाहारी, सासूबाई अंडंही खात नाहीत. ज्यांनी स्वतः गाडी नेलीय त्यांनी प्लीज सांगा.

मालवी_मुसाफिर

ताई, तुमच्या मैत्रिणीला माझ्याकडून पोहे-जलेबी. ल्युब्लियानाच करा, स्लोव्हेनियाची राजधानी आहे ती. मी आईला घेऊन गेलो होतो, ती तेव्हा ७१ ची होती, म्हणून तुमचा प्रश्न वाचल्यावर राहवलं नाही.

आधी नकाशा उघडा. व्हिएन्ना साल्झबर्गहून पूर्वेला ३०० किमी, बुडापेस्ट त्याच्याही पुढे जवळपास अडीचशे, आणि मग तिथून व्हेनिसला यायचं म्हणजे ७०० किमीच्या आसपास, अख्खा दिवस गाडीत आणि पेट्रोल युरोपच्या भावाचं. बुडापेस्ट स्वस्त असेलही, पण जितकं वाचवाल तितकं रस्त्यातच जाईल. ल्युब्लियाना साल्झबर्गहून पावणेतीनशे किमी, आणि तिथून व्हेनिस साधारण २४०. वाटेतच आहे, वळसाच नाही.

दुसरं म्हणजे गाडीवाल्यांचा खर्च हॉटेलात कमी आणि गाडी उभी करण्यात जास्त होतो, हे मला तिकडे गेल्यावर कळलं. मोठ्या शहराच्या मध्यात गाडी नेणं म्हणजे धनतेरसला राजवाड्यावर गाडी नेण्यासारखं आहे, फरक इतकाच की तिकडे तासाचे पैसे लागतात. ल्युब्लियानात जुन्या शहराचा भाग २००७ पासून टप्प्याटप्प्याने गाड्यांना बंद केलाय, त्यामुळे तिथे गाडी न्यायचा प्रश्नच येत नाही. आम्ही शहराच्या दक्षिण-पश्चिमेला, जिथे फुकट पार्किंग मिळतं अशा भागात अपार्टमेंट घेतलं, गाडी उभी केली ती दोन दिवस हलवली नाही, आणि ६ नंबरची बस पकडून मध्यात. ही बस दोल्गी मोस्त नावाच्या पार्क अँड राइडवरून निघते, तिथेही दिवसभर गाडी ठेवता येते आणि त्या तिकिटात बसचा प्रवास धरलेला असतो. बसला रोख पैसे चालत नाहीत, आम्ही उर्बाना नावाचं कार्ड घेतलं होतं.

आता तुमच्या सासूबाईंसाठी खास. जुन्या शहरात काचेच्या छोट्या इलेक्ट्रिक गाड्या फिरतात, कावालिर म्हणतात त्यांना, पालिकेच्याच आहेत, पूर्ण फुकट, हात दाखवला की थांबतात आणि बाजारापासून चौकापर्यंत कुठेही सोडतात. माझ्या आईला सुरुवातीला वाटलं की शेवटी पैसे मागतील, ती पर्स घट्ट धरून बसली होती. किल्ल्यावर जायला फ्युनिक्युलर म्हणजे रुळांवरून चढणारी गाडी आहे, त्याचं तिकीट आहे, पण किल्ल्याच्या अंगणात जायला काही लागत नाही.

बघायला काय तर खरं सांगतो, मोठ्ठं असं काही नाही. एक नदी, ल्युब्लियानित्सा, हिरवट संथ पाणी, दोन्ही काठांना झाडं. त्यावर त्रोमोस्तोव्ये म्हणजे शेजारी शेजारी तीन पूल. मधला दगडी पूल १८४२ चा, आणि योझे प्लेच्निक नावाच्या आर्किटेक्टने तो न पाडता दोन्ही बाजूंना पायी चालणाऱ्यांसाठी एकेक पूल जोडला, १९३२ मध्ये. बाजाराची नदीकाठची खांबांची लांबलचक रांगही त्याचीच. त्याची ल्युब्लियानातली कामं २०२१ पासून युनेस्कोच्या यादीत आहेत. थोडं पुढे १९०१ चा ड्रॅगनवाला पूल आहे, तुमची मुलगी तिथून हलणार नाही.

मी आईला बाजाराजवळ एका बाकावर बसवून पाणी भरायला गेलो (शहरभर प्यायच्या पाण्याचे नळ आहेत, बाटली विकत घेऊच नका). परत आलो तर शेजारी बसलेल्या एका आजीबाई तिला कागदी पुडीतल्या चेरी खायला घालत होत्या, ही मराठीत बोलतेय, त्या त्यांच्या भाषेत, आणि दोघींचं छान चाललेलं. मे-जूनमध्ये चेरीचा सीझन असतो, नक्की घ्या.

आणि एक इंदुरी म्हणून सांगतो, अपार्टमेंटमध्ये ओल्या कचऱ्याचा तपकिरी डबा, पॅकिंगचा पिवळा, कागदाचा निळा. आईने कुणाला न विचारता सगळं बरोबर वेगळं करून टाकलं. हे शहर २०१६ ला युरोपची ग्रीन कॅपिटल होतं. आपण जे घरोघरी करतो तेच इतक्या लांब बघून मला फार भरून आलं.

खर्चाचं. आम्ही चौघंच होतो, अपार्टमेंट ११५ युरो रात्रीचं, वर टुरिस्ट टॅक्स माणशी तीनेक युरो. सकाळ-संध्याकाळ घरीच केलं, दुपारी बाहेर. दोन दिवसांचे सगळे मिळून ३६० युरो झाले. युरो एकशे दहा रुपयांचा धरला तरी तुमच्या बजेटमध्ये बसतंय.

जेलरोड_जुना

वरच्या भावाशी सहमत, पण ल्युब्लियानाला दोन पूर्ण दिवस म्हणजे दुसऱ्या दुपारी मुलगी कंटाळेल. मी म्हणेन साल्झबर्गहून येताना ब्लेडच्या तळ्याला थांबा, रस्त्यातच पडतं, ल्युब्लियानापासून फक्त ५५ किमी. तळ्याकाठची वाट सपाट आहे, पूर्ण फेरी ६ किमीची, सासूबाईंनी थोडं चालून बाकावर बसावं, तळ्यातलं बेट आणि त्यावरचं चर्च काठावरूनच छान दिसतं. बेटावर नावेने जाता येतं पण तिथे उतरलं की ९९ पायऱ्या आहेत, त्यामुळे त्यांना नेऊ नका. तिथली क्रीम केक फार प्रसिद्ध आहे पण अंडं असतं.

पोस्तोयना गुहेचं पण लोक सांगतील. छोट्या ट्रेनने आत नेतात, अप्रतिम आहे, पण ट्रेननंतर दीडेक किलोमीटर चढउताराचं चालणं आहे, आत बाराही महिने १० डिग्रीच्या आसपास थंडी, आणि चौघांचं तिकीट तुमच्या बजेटला भोक पाडेल. मी तरी या ट्रिपला सोडून देईन.

ग्राझमधली_इंदुरी

ताई, मी सहा वर्षं ऑस्ट्रियात राहते, माहेर लोकमान्य नगर. ग्राझ सुचवायचा मोह होतोय पण तुमच्या वाटेत नाही, म्हणून फक्त गाडीचं सांगते कारण पहिल्यांदा येणाऱ्यांचे पैसे इथेच वाया जातात.

गाडी म्युनिकला उतरल्या उतरल्या घेऊ नका, शहर सोडायच्या सकाळी घ्या, दोन दिवसांचं भाडं आणि पार्किंग वाचेल. आणि म्युनिकलाच परत करा, दुसऱ्या देशात सोडलं तर एकतर्फी चार्ज जबरदस्त लागतो. बुक करतानाच लिहून घ्या की ऑस्ट्रिया, स्लोव्हेनिया, इटली तिन्हीकडे नेणार आहोत. ज्याचं लायसन्स त्याच्याच नावाचं क्रेडिट कार्ड लागतं, डेबिट घेऊन गेलात तर काउंटरवरून परत पाठवू शकतात.

जर्मनीत कारला टोल नाही. ऑस्ट्रियाला व्हिन्येट म्हणजे हायवेचा पास लागतो, १० दिवसांचं घ्या, जाता-येता दोन्ही होऊन जाईल. स्लोव्हेनियाचं आठवड्याचं, २०२५ मध्ये १६ युरो होतं, आणि २०२२ पासून ते गाडीच्या नंबरवरच निघतं, काचेवर काही चिकटवायचं नाही. म्हणून गाडी हातात आल्यावर नंबर नीट बघून सरकारी साइटवरूनच काढा, गूगलवर वरती मधल्याच लोकांच्या साइट येतात, त्या जास्त पैसे घेतात. किंवा सरहद्दीच्या आधी शेवटच्या पेट्रोल पंपावर घ्या. न घेता सापडलात तर स्लोव्हेनियात दंड तीनशे युरोपासून सुरू होतो. ताउअर्न हायवेचा टोल आणि ऑस्ट्रिया-स्लोव्हेनिया सरहद्दीवरच्या कारावांकेन टनेलचा टोल वेगळा, तो व्हिन्येटमध्ये नाही. परतीला ब्रेनर घाटातल्या हायवेचाही वेगळा.

तो कारावांकेन जवळपास ८ किमीचा आहे आणि शनिवारी तिथे गाड्यांची जी रांग लागते ती बघवत नाही. तुमचा प्लॅन मंगळवारपासून मोजला तर तुम्ही नेमक्या शनिवारीच तिथून जाताय! एक दिवस अलीकडे ओढता आला तर बघा. सोमवारी उतरलात तर शुक्रवारी ल्युब्लियाना, आणि शुक्रवारी बाजारात ओद्प्रता कुह्ना भरते, म्हणजे उघड्यावरचं स्वयंपाकघर, आपल्या इंदूरच्या सराफ्यातल्या रात्रीच्या खाऊगल्लीची आठवण येईल, फक्त ते रात्री नऊच्या सुमारास गुंडाळतात आणि पाऊस असेल तर भरत नाही. शिवाय रविवारी दुकानं बंद असतात तो दिवस तुमचा प्रवासात निघून जाईल, दूध-ब्रेड शनिवारीच घेऊन ठेवा.

मुलगी दीड मीटरपेक्षा बुटकी असेल तर तिच्यासाठी बूस्टर सीट मागा. स्लोव्हेनियात दिवसाही हेडलाइट चालू ठेवायचे.

आणि इटलीत झेडटीएल. गावाच्या जुन्या भागात शिरायला बंदी, वर कॅमेरा, पोलीस दिसत नाही म्हणून माणूस शिरतो. आम्ही एकदा दहा मिनिटांसाठी चुकून गेलो, चार महिन्यांनी दंड आला तो आलाच, पण त्याआधी गाडीच्या कंपनीने नुसता आमचा पत्ता पोलिसांना दिल्याचे वेगळे पैसे कार्डवरून कापले होते, न विचारता. अजून राग येतो. म्हणून व्हेनिससाठी शेजारच्या मेस्त्रेत राहा, गाडी तिथेच ठेवा, ट्रेनने दहा मिनिटांत व्हेनिस. व्हेनिसमध्ये चारशेच्या आसपास पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या, सासूबाईंना पायी फिरवू नका, वापोरेत्तोचा म्हणजे पाण्यावरच्या बसचा २४ तासांचा पास काढा, एकेरी तिकीट साडेनऊ युरो आहे आणि पास २५, तीन फेऱ्यांत वसूल.

रामबागची_सून

तुम्ही सगळ्यांनी इतकं मनापासून लिहिलंय की काल रात्री मी हे सासूबाईंना वाचून दाखवलं, त्या फुकट गाडीचं दोनदा वाचायला लावलं त्यांनी!

सोमवार-शुक्रवारचं एकदम पटलं, तसंच करतोय. दोन शंका राहिल्या. एक, व्हेनिसहून म्युनिक एका दिवसात साडेपाचशे किमी जास्त होतील का, म्हणून मिस्टर म्हणतात शेवटची रात्र म्युनिकऐवजी इन्सब्रुकला काढू. दुसरं, व्हिसा कोणत्या देशाचा टाकायचा? आणि सासूबाईंचं अंड्याचं काय करू?

ग्राझमधली_इंदुरी

थांबा, या दोन्ही गोष्टी एकमेकींत अडकल्यात. शेंगेन व्हिसा जिथे सगळ्यात जास्त मुक्काम त्या देशाकडे मागायचा, सारखेच झाले तर जिथून पहिल्यांदा आत शिरता तिथे. आत्ता जर्मनी ३, बाकी सगळे दोन-दोन, म्हणजे जर्मनी. पण इन्सब्रुक केलं की ऑस्ट्रिया ३ आणि जर्मनी २ होतात, मग अर्ज ऑस्ट्रियाकडे जायला हवा. जे करायचं ते अपॉइंटमेंट घेण्याआधी ठरवा, नंतर रात्री इकडच्या तिकडे करू नका. फी मोठ्यांना ९० युरो, मुलीला ४५, आणि इन्शुरन्स निदान ३०,००० युरोचा लागतो. मिस्टरांचं इंटरनॅशनल ड्रायव्हिंग परमिट आरटीओतून काढा, फी १००० रुपये, वर्षभर चालतं.

माझं मत विचाराल तर इन्सब्रुक नको. सकाळी सातला मेस्त्रे सोडा, दुपारी डोंगरात तासभर थांबा, संध्याकाळी म्युनिक. दुसऱ्या दिवशी फ्लाइट असताना विमानतळाजवळ असलेलं बरं.

मालवी_मुसाफिर

अंड्यासाठी स्लोव्हेनियन भाषेत "ब्रेस यायत्स" (brez jajc) म्हणजे अंड्याशिवाय. कागदावर लिहून ठेवा आणि दाखवा, त्यांना वाईट वाटत नाही. श्त्रुक्ली म्हणून पनीरसारखं सारण भरलेला गुंडाळलेला पदार्थ सगळे सुचवतील, पण पिठात आणि सारणात बहुतेक ठिकाणी अंडं असतं, विचारल्याशिवाय देऊ नका. चीजचा बुरेक (पापुद्र्यांचा भाजलेला पदार्थ) मिळतो, तोही विचारून. आई तर सकाळी थालीपीठ करून डब्यात घ्यायची, बाजारातले टोमॅटो, दही आणि ते थालीपीठ नदीकाठी बसून. मेतकूट आणि थालीपिठाची भाजणी नक्की न्या, हँडबॅगेत नको, मोठ्या बॅगेत.

रामबागची_सून

ठरलं मग. म्युनिक, साल्झबर्ग, ब्लेडला दुपार, ल्युब्लियाना शुक्रवार-शनिवार, मेस्त्रे दोन रात्री, परत म्युनिक. व्हिसा जर्मनीचा. ६ नंबर बसच्या रस्त्यावर एक अपार्टमेंट मिळालं, १०८ युरो, पार्किंगसकट, तळमजला, स्वयंपाकघर आहे. फुकट रद्द होणारं घेतलंय, व्हिसाचं होईपर्यंत.

भाजणी सासूबाई स्वतः भाजणार म्हणतायत, विकतची चालणार नाही. आणि मुलीने "ब्रेस यायत्स" मोठ्या अक्षरात लिहून फ्रिजवर लावलंय, आजीकडून रोज सकाळी पाठ करून घेतेय.