मदत हवी आहे : न्योस सरोवराची दुर्घटना पेवांच्या गावात कशी समजावून सांगावी?

नमस्कार.

मी सांगलीजवळ राहतो आणि माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवून निवृत्त झालो आहे. आमच्या वाचनालयात जगभरातील अजब घटनांवर एक छोटी व्याख्यानमाला चालते. येत्या शनिवारी माझी पाळी असून मी पश्चिम आफ्रिकेतील कॅमेरून देशातल्या न्योस सरोवराचा विषय घेतला आहे. टिपणे तयार आहेत, परंतु काही ठिकाणी अडलो आहे आणि प्रयोग तर साफ फसला आहे, म्हणून हा धागा काढतो.

ज्यांनी ही घटना वाचलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. 21 ऑगस्ट 1986 रोजी रात्री नऊच्या सुमारास, लोक जेवणे उरकून झोपायच्या तयारीत असताना, या सरोवरातून कार्बन डायऑक्साइडचा प्रचंड लोट बाहेर पडला. हा वायू हवेच्या सुमारे दीडपट जड असल्यामुळे तो वर न जाता सरोवराच्या काठावरून ओसंडला आणि दऱ्यांच्या उतारांनी खाली वाहत गेला. न्योस, चा आणि सुबुम ही खालच्या अंगाची गावे त्याच्या वाटेत होती. सुमारे 1,700 माणसे आणि 3,500 च्या आसपास गुरे गुदमरून गेली. सरोवरापासून जवळजवळ 25 किलोमीटरपर्यंत मृत्यू झाले. घरांची एक भिंतही पडली नव्हती. मदतीला गेलेल्यांनी नोंदवलेली एक गोष्ट माझ्या मनातून जात नाही : इतकी प्रेते पडलेली असूनही त्यांच्यावर माश्या नव्हत्या, कारण माश्याही मेल्या होत्या. उंचावर राहणारे गुराखी मात्र वाचले.

माझी पहिली अडचण श्रोत्यांच्या मोबाइलवर आधीच पोहोचलेल्या एका संदेशाची आहे. ‘शापित तळे’ या मथळ्याच्या त्या संदेशात हा गुप्त बॉम्बचा प्रयोग होता असे सुचवले असून, पुरावा म्हणून वाचलेल्या लोकांच्या अंगावरील भाजल्यासारखे चट्टे आणि त्यांना आलेला सडक्या अंड्यांचा वास पुढे केला आहे. चट्टे आणि वास या दोन्ही तक्रारी खऱ्या आहेत, त्यामुळे ‘सगळे खोटे’ म्हणून मला हात झटकता येत नाहीत. तज्ज्ञांनी नंतर दिलेला खुलासा असा, की कित्येक जण तासन्‌तास, काही तर दिवसभराहून अधिक काळ, एकाच कुशीवर बेशुद्ध पडून होते व दाबाखाली राहिलेल्या त्वचेला जखमा झाल्या. आणि कार्बन डायऑक्साइड फार प्रमाणात हुंगला गेला तर नसलेले वासही जाणवतात. असा वास ज्यांना येतो ती गंधकाची संयुगे सरोवराच्या पाण्यात नगण्य सापडली, हा मुद्दा मला सर्वांत भक्कम वाटतो. हे पंधरा वर्षांच्या मुलाला आणि ऐंशी वर्षांच्या आजोबांना एकाच वाक्यात कसे सांगावे?

दुसरी गोष्ट कारणाची. सरोवर सुमारे 208 मीटर खोल आहे. तळाखालच्या ज्वालामुखीय थरांतून कार्बन डायऑक्साइड झऱ्यांवाटे सतत झिरपत येतो आणि तळाच्या पाण्यात विरघळतो. तिथे वातावरणाच्या वीसपटीहून अधिक दाब असल्याने वायू पाण्यात मुकाट्याने राहतो. थंड प्रदेशात हिवाळ्यात वरचे पाणी गार होऊन खाली जाते आणि सरोवर ढवळले जाते. इथे उष्ण कटिबंधात वरचे हलके व तळाचे जड पाणी वर्षानुवर्षे एकमेकांत मिसळत नाही. मग एके दिवशी कशाने तरी तळाचे थोडे पाणी वर ढकलले जाते, दाब कमी होताच त्यात बुडबुडे फुटतात, बुडबुडे आणखी पाणी वर ओढतात, आणि पुढचे सारे आपोआप होते. ते ‘कशाने तरी’ काय होते, यावर अजून एकमत नाही. कोणी दरड कोसळल्याचे म्हणतात, कोणी पावसाळ्यातील गार पाणी खाली गेल्याचे. दोनच वर्षांपूर्वी, 15 ऑगस्ट 1984 रोजी, त्याच देशातील मोनून सरोवराने 37 माणसे अशीच घेतली होती, आणि दोन्ही घटना ऑगस्टमधल्या आहेत, एवढे मी सांगणार आहे. या ओघात कोणाला चूक दिसल्यास जरूर कान धरावा.

आता प्रयोगाचे. आमच्या भागात हळद साठवायची जमिनीखालची पेवे कोणालाच नवी नाहीत. हरिपूरच्या मातीत खोदलेल्या या पेवांचे तोंड निमुळते आणि पोट मोठे. झाकण बंद केले की आतला प्राणवायू संपत जातो, कार्बन डायऑक्साइड साचतो व हळदीला कीड लागत नाही. पेव उघडल्याबरोबर कोणी आत उतरत नाही. तोंड काही तास मोकळे ठेवायचे, मग दोरीने पेटता कंदील खाली सोडायचा. ज्योत टिकली तर माणूस उतरायचा. न्योसमधल्या वाचलेल्यांपैकी काहींनी सांगितले होते की शुद्धीवर आल्यावर पाहिले तर दिव्यांत तेल तसेच होते, पण दिवे विझलेले होते. हे वाचले तेव्हा मी पुस्तक मिटून थोडा वेळ ओट्यावर जाऊन बसलो. माझ्या व्याख्यानाचा कणा हाच आहे : पेवातला तोच वायू, फक्त पेव 208 मीटर खोल आणि त्याला झाकण नाही.

परंतु तो वायू उतारावरून ‘वाहतो’ हे दाखवता येत नाही. मी पुठ्ठ्याचा पन्हळ तिरका लावून त्यात तीन मेणबत्त्या ठेवल्या, तांब्यात व्हिनेगर आणि खायचा सोडा घातला आणि वायू पन्हळीत ओतू लागलो. पहिल्या खेपेस वायूऐवजी फेसच सांडला व पुठ्ठा भिजून वाकला. दुसऱ्या खेपेस सुनबाईंनी उकडते म्हणून पंखा लावला, आणि तिन्ही मेणबत्त्या विझल्या खऱ्या, पण त्या पंख्याने विझल्या हे नातीने लगेच ओळखले. गोटी सोड्याची बाटली फोडून पाहिली. त्यात बुडबुडे दिसतात, पण खोलीचा आणि दाबाचा मुद्दा कळत नाही. मागच्या रांगेला दिसेल असा काही उपाय आहे का? शिवाय ‘लिम्निक इरप्शन’ (सरोवरातून वायू असा एकाएकी उसळणे) याला सुटसुटीत मराठी शब्द हवा आहे. आणि लोणारचे सरोवरही असे करेल का, हा प्रश्न सभेत येणार हे मी आताच लिहून देतो.

आगाऊ आभार.

प्रतिसाद १

गुरुजी, प्रयोगाचे साहित्य बरोबर आहे, भांडी चुकली आहेत. पाव लिटर व्हिनेगर आणि तीन सपाट चमचे सोडा यांतून सुमारे चार लिटर वायू मिळतो. तो तांब्यात मावत नाही आणि फेसाबरोबर उतू जातो. उंच बादली घ्यावी, सोडा थोडा थोडा टाकावा, फेस बसेपर्यंत वरून ताट ठेवावे, आणि मग बादली अगदी सावकाश कलती करावी, म्हणजे द्रव तळाशी राहून फक्त वायू काठावरून उतरेल. पुठ्ठ्याऐवजी पावसाच्या पाण्याचा पीव्हीसी पन्हळ वापरावा. मेणबत्त्या मात्र पन्हळीच्या मधोमध बुटक्या ठेवाव्यात, कारण वायूचा थर दोन-तीन बोटेच जाड असतो. उंच मेणबत्ती त्याच्यावर डोके काढून जळत राहते. किंबहुना एक उंच मेणबत्ती मुद्दाम ठेवावी. ती जळत राहिली की उंचावरचे गुराखी का वाचले ते वेगळे सांगावे लागणार नाही.

मागच्या रांगेसाठी माशांची रिकामी काचपेटी घेऊन तिच्या तळाशी असाच वायू भरावा आणि वरून साबणाचे फुगे सोडावेत. फुगे तळापर्यंत न जाता अधांतरी तरंगतात, आणि हे लांबूनही दिसते. कोरडा बर्फ (म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड) वापरण्याचा मोह टाळावा. बंद सभागृहात तोच वायू श्रोत्यांच्या पायांशी साचेल. पंख्याचे बटण कोणाच्या तरी ताब्यात द्यावे, हे सांगायला नको.

प्रतिसाद २

मी भूजल खात्यात नोकरी केली आहे. लोणारचे उत्तर ‘नाही’ असेच द्यावे, पण कारणांसह. ते विवर बसाल्टात उल्कापाताने झालेले आहे, त्याच्याखाली वायू पुरवणारा जिवंत ज्वालामुखी नाही. पाण्याची खोली अवघी काही मीटर असल्यामुळे वायू दाबून ठेवणारा दाबच तिथे नाही. शिवाय पाणी इतके खारट व अल्कधर्मी आहे की त्यात गेलेला कार्बन डायऑक्साइड कार्बोनेट, बायकार्बोनेट होऊन बसतो. जून 2020 मध्ये ते पाणी गुलाबी झाले तेव्हाही पुष्कळ अफवा उठल्या होत्या. खारट पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता. गंमत म्हणजे न्योसचे पाणीही त्या रात्रीनंतर तांबूस झाले होते, पण त्याचे कारण निराळे : तळातले लोहयुक्त पाणी वर येऊन हवेच्या संपर्कात गंजले. दोन रंगांची दोन कारणे सांगितलीत तर सभेला आवडेल.

आपण उपायाचा उल्लेख केला नाही, तो अवश्य करावा. 2001 पासून न्योसमध्ये तळापर्यंत एक पाइप सोडलेला आहे. सुरुवातीला पंपाने थोडे पाणी वर खेचावे लागते. मग वर येताना बुडबुडे फुटून पाणी हलके होते आणि पंप बंद केला तरी कारंजे आपल्या आपण उडत राहते. सुरुवातीला ते सुमारे 50 मीटर उंच उडत असे. 2011 मध्ये आणखी दोन पाइप बसवले. सभेत शेतकरी असतील तर त्यांना सांगावे की ही कंप्रेसरची बोअर आहे. आपण हवा पाइपातून खाली पाठवून पाणी उचलतो, तिथे वायू आधीपासून पाण्यातच आहे. ज्या गुणाने 1986 मध्ये जीव घेतले तोच गुण पाइपात कोंडून कामाला लावला आहे. किवू सरोवराचा ओझरता उल्लेखही करता येईल. काँगो आणि रवांडा यांच्या सीमेवरच्या त्या सरोवरात कार्बन डायऑक्साइडबरोबर मिथेनही आहे, आणि रवांडात तो मिथेन काढून वीज तयार करतात.

प्रतिसाद ३

शब्दाबाबत : ‘सरोवर-स्फोट’ म्हटले की लोकांना आग आणि धमाका आठवतो, आणि तो संदेश आणखी खरा वाटू लागतो. माझ्या मते ‘सरोवर-उद्रेक’ बरा, किंवा सरळ ‘सरोवराचे उतू जाणे’. दूध उतू जाते तेव्हा आधी काही दिसत नाही, मग एकदम सगळे वर येते, तसेच.

एक गोष्ट मात्र आक्षेप म्हणून नोंदवतो. आपण कंदिलाला व्याख्यानाचा कणा म्हणता, पण ज्योत जळते म्हणजे हवा सुरक्षित, असा निष्कर्ष कृपा करून काढू नये. प्राणवायू सुमारे 16 टक्क्यांच्या खाली गेला की ज्योत विझते. पण हवेत दहा टक्के कार्बन डायऑक्साइड मिसळला तर प्राणवायू साधारण 19 टक्के उरतो, ज्योत जळत राहू शकते आणि माणूस मात्र काही मिनिटांत बेशुद्ध पडतो. गटारात किंवा मैलाटाकीत तर मिथेन असल्यास कंदिलानेच भडका उडेल. जुन्या विहिरीत एक उतरला, त्याला काढायला दुसरा, मग तिसरा, या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. सभेतून एखादा मुलगा कंदिलावर भरवसा ठेवून घरी गेला तर व्याख्यान महागात पडेल.

मूळ धागाकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. काल रात्री पंखा बंद करून, दारे लावून पीव्हीसी पन्हळीवर तालीम केली. वरची मेणबत्ती विझली, मग मधली, मग खालची; त्यांच्यामध्ये मोजून दोन-दोन सेकंदांचे अंतर होते आणि उंच मेणबत्ती शेवटपर्यंत जळत राहिली. नातीने या वेळी पंख्याकडे पाहिलेसुद्धा नाही. साबणाचे फुगे काचपेटीत हलके डुलत राहिले. शब्द ‘सरोवर-उद्रेक’ हाच घेतो. ‘उतू जाणे’ समजावताना वापरीन.

कंदिलाबाबतचा आक्षेप माझ्या ध्यानात आला नव्हता आणि तो मनाला लागलाही. चाळीस वर्षे ज्यावर आमच्या लोकांनी विश्वास ठेवला ते साधन अपुरे आहे, हे त्यांच्याच तोंडावर सांगणे अवघड वाटत होते. म्हणून पेवात उतरण्याचे काम केलेल्या एका वयोवृद्ध हमालांना आज जाऊन भेटलो आणि आकडे त्यांच्यापुढे ठेवले. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले, “कंदील विझला तर उतरायचं नाही, एवढंच तो सांगतो. जळाला तर उतरा, असं त्यानं कधी सांगितलंय? म्हणून तर कमरेला दोर बांधायचो, आणि वरचा गडी सारखा हाका मारायचा. ओ आली नाही की ओढायचा.” दोराचा आणि हाकेचा हा भाग माझ्या टिपणात नव्हताच.

शनिवारी ते स्वतः कंदील घेऊन येणार आहेत. त्यांच्या कंदिलाची काच तडकलेली आहे. सांगली-मिरजेत कोणाकडे जुन्या मोठ्या कंदिलाची काच पडून असल्यास कृपया शुक्रवारपर्यंत कळवावे, मी येऊन घेऊन जाईन.