सड्यावरून बागेत उतरायचंय आणि महिन्याला अणुस्कुरा घाट चढायचाय: कुठली मोटरसायकल घेऊ?

कातळवाट, राजापूर तालुका
नमस्कार मंडळी. घर सड्यावर (वरच्या कातळपठारावर), कलमांची बाग खाली खाडीच्या अंगाला. मधे पाऊण किलोमीटरचा उतार, जांभ्याची कच्ची वाट आणि दोन वळणं अशी की चढताना पहिला गिअर सोडवत नाही. मे महिन्यात वाटेवर नुसती सुटी खडी आणि लाल धूळ, जुलैत झाडांखालच्या टप्प्यावर शेवाळ. शिवाय महिन्यातून एकदा ओणी-पाचलवरून अणुस्कुरा चढून कोल्हापूर, बहुतेक वेळा बायको मागे.

अकरा वर्षं १०० सीसीची गाडी वापरतोय. दोघं बसून घाट चढताना ती दुसऱ्या गिअरवर अगदी मेटाकुटीला येते. गेल्या पावसात बागेच्या उतारावर पुढचं चाक सरकलं आणि दोघंही आडवे झालो. लागलं फारसं नाही, पण तेव्हापासून बायको त्या वाटेवर मागे बसत नाही, चालत उतरते. तिचा गुडघा आधीच दुखरा आहे. हे मला बदलायचंय.

माझी उंची पाच फूट पाच, बजेट ओढूनताणून दोन लाख. शोरूमचे कागद वाचून झालेत. गाडी उतारावर कशी वागते आणि पडली तर एकट्याला उचलते का, हे जे रोज चालवतात त्यांनी सांगावं.

देवरुखचा_घाटवेडा
दादा, तुमच्या वाटेला हिरोची एक्सपल्स २०० फोर व्ही. माझ्याकडे २०२३ चं मॉडेल आहे आणि आमच्या वाडीची वाट तुमच्यासारखीच आहे, फक्त खाली खाडीऐवजी पऱ्या (ओढा).

पहिलं कारण पुढचं २१ इंची चाक. लहान चाक दगडाला आपटतं, मोठं चाक त्याच दगडावरून चढून जातं, त्यामुळे हँडल हातातून हिसकलं जात नाही. पुढचं सस्पेन्शन १९० मिलिमीटर दबतं, मागचं १७०, म्हणजे पावसाने खणलेल्या चरांतही चाक जमीन सोडत नाही. वजन १५८ किलोच्या आसपास. मी दोनदा आडवी केली आणि दोन्ही वेळा एकट्याने उभी केली: गाडीकडे पाठ करायची, एक हात हँडलला, एक मागच्या कॅरिअरला, आणि पायांनी रेटायचं. कमरेने उचलायला जाऊ नका.

आता उणं. टॉर्क, म्हणजे इंजिनाची ओढ, १७.३५ एनएमच, त्यामुळे दोघं आणि सामान असलं की घाटात तिसऱ्यावरून दुसऱ्यात यावंच लागतं. हायवेला ८०-८५ पर्यंत निवांत चालते, त्यापुढे इंजिन ताणल्यासारखं वाटतं. सीट ८२५ मिलिमीटर. तुमच्या उंचीला चवडे टेकतील, टाचा नाहीत. उतारावर थांबायची वेळ आली तर पाय नेहमी डोंगराच्या बाजूला टाका. दरीकडे पाय टाकलात तर जमीन पायाखाली वीतभर खोल सापडते आणि गाडी त्याच बाजूला जाते.

एबीएस (ब्रेक दाबला तरी चाक जाम होऊ न देणारी सोय) फक्त पुढच्या चाकाला आहे आणि त्याचे तीन मोड आहेत. सुट्या खडीवर रोड मोड ठेवलात तर ब्रेक धरत-सोडत राहतो आणि गाडी थांबायच्या जागेच्या पुढे जाते. कच्च्यात शिरण्याआधी ऑफरोड मोड लावायचाच.

कुंभार्लीपार, चिपळूण
रॉयल एनफिल्डची जुनी हिमालयन ४११ सहा वर्षं चालवली, आता ४५० आहे. दोन्हींचं मनापासून सांगतो.

४५० म्हणजे ४० पीएस ताकद, ४० एनएम टॉर्क. कुंभार्ली दोघं आणि दोन बॅगा घेऊन असा चढतो की मागच्याला घाट कधी संपला कळत नाही. पण तो टॉर्क पूर्ण मिळतो ५,५०० आरपीएमला (इंजिनाचे मिनिटाला फेरे). खाली, चालण्याच्या वेगात, इंजिन मऊ असतं आणि क्लचवर खेळत राहावं लागतं. जुन्या ४११ चा टॉर्क ३२ एनएमच होता, पण तो ४,०००-४,५०० मध्येच हाती यायचा. गावच्या चढणीला ती ट्रॅक्टरसारखी चढायची, ॲक्सिलरेटर जेमतेम उघडला तरी पुरे.

तरीही तुम्हाला दोन्हींपैकी एकही सुचवत नाही. ४५० चं वजन १९६ किलो, ४११ चं १९९. तुमच्या वळणावर उताराच्या बाजूला कलली तर एकट्याने सावरणं कठीण. बजेटचंही बघा: २२ सप्टेंबर २०२५ पासून ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, आणि त्यावरच्या गाड्यांना ४० टक्के लागला. ४५० तुमच्या दोन लाखांत बसत नाही.

रत्नागिरीची_वाटसरू
मी सुझुकी व्ही-स्ट्रॉम एसएक्स चालवते. दर पंधरवड्याला रत्नागिरी-कोल्हापूर, म्हणजे आंबा घाट. २६.५ पीएस, वजन १६७ किलो. साखरप्याच्या पुढे वळणं सुरू झाली की ही गाडी जो विश्वास देते तो मला दुसऱ्या कुठल्या गाडीने दिला नाही. पुढचं चाक १९ इंची असल्याने वळणात चटकन कलते. मैत्रिणीची एक्सपल्स चालवली तेव्हा जाणवलं की २१ इंची चाकाला वळणाचं जरा आधीच सांगावं लागतं.

अलॉय चाकं, ट्यूबलेस टायर. पंक्चर झालं तर दहा मिनिटांत स्वतःच प्लग मारते. एक्सपल्सला तारांची चाकं आणि आत ट्यूब, म्हणजे चाक सोडवणं आलं. अणुस्कुऱ्यात पंक्चरवाला शोधण्यापेक्षा जादा ट्यूब आणि टायर लिव्हर सोबत ठेवा आणि चाक सोडवायला आधी घरी शिका.

पण दादा, सीट ८३५ आहे. मी पाच फूट सात, मला चालतं. आणि सुट्या दगडांवर ही गाडी लवकर कडक वाटते, खालून आपटेल की काय अशी धास्ती राहते. महिन्याचा घाट एकदाच आणि बागेची वाट रोजची. रोजच्याला मान द्या.

देवगडचा_बागायतदार
मुला, नवीन गाडी जरूर घे. पण आधी एक विचारतो, खरं सांग. त्या दिवशी उतारावर गाडी गिअरमध्ये होती का?

कातळवाट
काका, खरं सांगायचं तर नव्हती. बागेत जाताना इंजिन बंद करून न्यूट्रलवर उतरायची सवय आहे. आमच्याकडे सगळेच तसे उतरतात, पेट्रोल वाचतं म्हणून. वेग वाढला तेव्हा पुढचा ब्रेक दाबला.

देवगडचा_बागायतदार
तेच असणार असं वाटलं. मीही तरुणपणी तसाच उतरायचो, माझ्या वडिलांनी सोडवली ती सवय.

इंजिन चालू आणि पहिला गिअर असला की इंजिनच मागच्या चाकाला धरून ठेवतं, एकसारखं, हिसका न देता. न्यूट्रलवर तो आधार गेला, सगळं काम ब्रेकवर आलं. उतारावर वजन पुढे झुकलेलं असतं, तुझा हात पुढच्या ब्रेकवर गेला, खाली शेवाळ. चाक फिरायचं थांबलं की ते वळतही नाही, नुसतं घसरतं. लांब घाटात तर न्यूट्रलवर ड्रम ब्रेक इतके तापतात की ऐन वेळी लागेनासे होतात. ज्या गिअरमध्ये चढलास त्याच गिअरमध्ये उतर. पुढचा ब्रेक दोन बोटांनी, तोही कोरड्या जागी वेग आधीच कमी करायला. शेवाळ आलं की तिथे ब्रेक नाही, वळण नाही, क्लच नाही, सरळ हळू पार व्हायचं.

ही गोष्ट कुठल्याही गाडीला लागू. आहे त्याच गाडीवर उद्यापासून कर. जमलं तर तिला बटण टायर (जाड गाठींचे) बसव आणि मागचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चक्र, दोन दात मोठं घाल. वरचा वेग थोडा जाईल, चढण सोपी होईल. ११०-११२ किलोची गाडी आहे, बागेपुरती विकू नकोस.

मालवणचो_मेस्त्री
खंयचीय गाडी घेतलास तरी खारो वारो तिका सोडूचो नाय. पुढचं सगळ्यांना कळावं म्हणून साध्या मराठीत लिहितो.

तीस वर्षं गॅरेज आहे. किनाऱ्यावरच्या गाडीचं पहिलं काय जात असेल तर तारांची टोकं. निपल (तार आवळायच्या टोकाच्या चाक्या) गंजतात, तार सैल होते, चाक वाकडं फिरतं, आणि लोक सस्पेन्शनला दोष देतात. दर महिन्याला तारा बोटाने वाजवून बघा, सगळ्यांचा आवाज सारखा यायला हवा. जयगड-तवसाळ किंवा दाभोळ-धोपावे फेरीने गेलात तर घरी आल्यावर गोड्या पाण्याने धुवा, पण प्रेशरचा पाइप चाकाच्या बेअरिंगवर रोखू नका. चेन पुसून ऑइल द्या. डिस्क ब्रेकच्या कॅलिपरच्या (डिस्कला चिमटीत धरणाऱ्या भागाच्या) पिना वर्षातून एकदा काढून साफ करून ग्रीस लावायच्या. पावसाळ्यानंतर ब्रेक अडकायला लागतो तो बहुतेक त्यामुळेच. लाल धुळीत एअर फिल्टर सर्व्हिसची वाट बघत नाही. शिमग्यापासून मिरगापर्यंत, म्हणजे पाऊस लागेपर्यंत, दर पंधरा दिवसांनी उघडून बघा.

देवरुखचा_घाटवेडा
मेस्त्रींचं तारांचं शंभर टक्के खरं. मी दुसऱ्या पावसाळ्यात शिकलो ते.

कातळवाट
आठवडाभराने लिहितोय. काकांनी सांगितल्याप्रमाणे जुन्याच गाडीवर, इंजिन चालू, पहिला गिअर, असा रोज उतरतोय. फरक एवढा आहे की पहिल्या दिवशी खाली पोचल्यावर थोडा वेळ गाडीवर बसूनच राहिलो. अकरा वर्षं त्याच उतारावर जीव मुठीत धरून उतरत होतो.

शोरूममध्ये दोन्ही गाड्यांवर बसून आलो. व्ही-स्ट्रॉमवर एकाच पायाचा चवडा नीट टेकला, ताईंचं म्हणणं पटलं. एक्सपल्सवर दोन्ही चवडे टेकले, आणि बायको मागे बसल्यावर गाडी दबून टाचांखाली बोटभर जागाच उरली. चालवून बघायला मात्र समोरचा सपाट डांबरी रस्ताच मिळाला. जुनी गाडी बागेसाठी ठेवायची असं ठरतंय, म्हणजे मोठी गाडी मुख्यतः घाटाला आणि बायकोला घेऊन खाली उतरायला.

बायकोने एक अट घातली आहे. पैसे भरण्याआधी तिला खऱ्या उतारावर मागे बसवून न्यायचं, आणि तेही वाट ओली असताना. घाटवेडा दादा, पाऊस पडल्यावर एखाद्या रविवारी आम्ही दोघं देवरुखला आलो तर तुमच्या पऱ्याच्या वाटेवर तुमची गाडी अर्धा तास मिळेल का? पेट्रोल आणि पडलो तर खर्च माझा.

देवरुखचा_घाटवेडा
या नक्की, जेवायलाच या. आधी मी वहिनींना मागे बसवून एकदा खाली-वर करतो, मग तुम्ही. शेवाळाचा टप्पा साकवाच्या अलीकडे आहे, तिथे तिघंही आधी चालत जाऊन बघू.