शाळा उघडायच्या आधी साइडपट्टी भरा

सायकलवाले काका:
राम राम. शाळा आता आठ-दहा दिवसात उघडते म्हणून हे लिहून राहिलो, थोडं लंबं आहे पण पुरं वाचा. रोड सिमेंटचा झाल्यापासून माझ्या दुकानात पोरीयच्या ज्या सायकली येऊन राहिल्या, बहुतेक सायकलीचा बिघाड एकच. पुढचा टायर उजव्या बाजूनं घासलेला, पार आतला धागा दिसते, अन् रिम वाकलेली. पह्यले मले वाटलं टायरच हलका असन. मंग एक दिवस दुकान पोरावर टाकलं अन् फाट्यापासून शाळेपर्यंत सोता सायकल चालवत गेलो तवा समजलं. रोड उचलला पण साइडपट्टी भरलीच नाही, सिमेंट जिथं संपते तिथून खाली वीतभर खड्डा आहे. मांगून ट्रकनं हॉर्न मारला की पोरगी घाबरून डावीकडे उतरते, चाक धपकन खाली पडते, अन् वापस वर चढवाले गेली की टायर सिमेंटच्या काठाले घासते, चढत नाही, हँडल फिरते अन् पोरगी पडते ते रोडाकडेच पडते, गाडीच्या समोर. मी चाळीस वर्षं सायकल चालवणारा माणूस, दोनदा पडता पडता वाचलो.

मावशी (मारुतीच्या देवळाजवळच्या):
काका तुम्ही बोलले ते बरं झालं. माझ्या पोरीच्या गुडघ्याले दिवाळीनंतर टाके पडले ते इथंच. तिच्या बाबानं सायकल अंगणात उभी केली ते तवापासून उभीच आहे. ऑटो आम्हाले रोज परवडत नाही. आता दहावीले पाठवाचं का नाही यावर घरात रोज बोलणं चालू आहे, पोरगी काही बोलत नाही, फक्त सायकल पुसून ठेवते.

ट्रॅक्टरवाले भाऊ:
वाचून खराब वाटलं वहिनी. पण एक सांगतो, पोरी बी तीन-तीन जोडीनं चालतेत, हॉर्न मारला तरी लवकर बाजूले होत नाही. अन् कोणी ब्रेकरचं नाव काढू नका बापा, मांगच्या साली नाल्याजवळ टाकला होता तिथं माझ्या ट्रॉलीचा पाटा तुटला, कापूस भरलेला होता.

पानठेल्यावाले दादा:
तसंही आता सायकल चालवते कोण, घरोघरी मोटारसायकल आहे

सायकलवाले काका:
दादा सकाळी सहाले माझ्या दुकानासमोर उभे राहा अन् मोजा. जिनिंगवर जाणारे मजूर, दूधवाले, शेतात डबा नेणारे म्हातारे, अन् साडेनऊ वाजता शाळेच्या पोरी. मोटारसायकल घरातल्या एका माणसाजवळ राह्यते, बाकीचे काय करतेत?
अन् भाऊ, जोडीनं चालते ते मी बी पाहतो. मी एका पोरीले विचारलं, काहून चालता बाई अशा, तं म्हणे काका एकटी काठानं चालली की ट्रक कानाजवळून जाते, दोघी-तिघी असलो की ट्रकवाला जरा स्लो होते. भीतीपोटी चालतेत त्या, मस्तीनं नाही.

मास्तर:
काकांनी मुद्द्याचं सांगितलं. मानव विकास या सरकारी कार्यक्रमातून आठवी ते बारावीच्या गरजू मुलींना सायकली मिळतात, शाळेपासून 5 किलोमीटरच्या आतल्या गावांतल्या. बिहारमध्ये 2006 ला अशीच योजना सुरू झाली, नववीच्या मुलींना सायकलीसाठी पैसे दिले, आणि नंतर अभ्यासकांनी तपासलं तर माध्यमिक शाळेतली मुलींची नोंदणी 32 टक्क्यांनी वाढलेली होती, सगळ्यात जास्त फरक जिथं शाळा 3 किलोमीटरपेक्षा लांब तिथं. म्हणजे सायकल ही वस्तू नाही, ती मुलीची शाळा आहे. ती अंगणात उभी राहिली की शाळा सुटली.
आणखी एक. हॉलंडला आपण सायकलींचा देश म्हणतो पण तिथंही गाड्या वाढल्यावर हेच झालं होतं. 1971 या एका वर्षात 3 हजारांवर लोक रस्त्यावर मेले, त्यात 400 हून जास्त लेकरं, आणि देश केवढा, दीड कोटीच्या आत लोकसंख्या. मग आईबाप रस्त्यावर उतरले, त्यांच्या चळवळीचं नावच होतं लेकरांचे खून थांबवा. वस्तीतले रस्ते गाड्यांचा वेग कमी होईल असे बांधायला लावले त्यांनी. त्यांनी मुलांना घरात बसवलं नाही, गाड्या हळू केल्या.

नागपूरचा भाचा:
मामा मी साइटवरच काम करतो म्हणून सांगतो. नाल्याजवळ जे टाकलं होतं तो ब्रेकर नोहोताच, डांबर-गिट्टीचा ढीग होता. इंडियन रोड्स काँग्रेस म्हणजे रोडाचे मापं ठरवणारी संस्था, तिच्या मापात गोल ब्रेकर 10 सेंटीमीटर उंच अन् 3.7 मीटर रुंद असते, घमेलं पालथं घातल्यासारखं नाही, ताशी 25 नं गेलं तर गाडी आरामात निघते अन् पाटा तुटत नाही. तो बी गावातून मोठ्या रोडाले जो जोडरस्ता मिळते तिथं टाकाचा. मोठ्या रोडावर शाळेच्या दोन्ही बाजूनं पांढऱ्या रंबल पट्ट्या, म्हणजे गाडी खडखडते त्या कमी उंचीच्या आडव्या पट्ट्या, अन् अगोदर बोर्ड. वेग दुप्पट झाला की ब्रेक दाबल्यावर गाडी घसरत जायचं अंतर चौपट होते, 80 नं येणारा ट्रक पोरगी अचानक समोर दिसल्यावर थांबूच शकत नाही, ड्रायव्हर कितीही चांगला असो.

ट्रॅक्टरवाले भाऊ:
असा रुंद असन तं माझं काही म्हणणं नाही. मले हे माप माहीत नोहोतं

सरपंचताई:
वाचून राहिली मी सगळं. रोडाच्या ऑफिसात साइडपट्टीचं तोंडी दोनदा सांगितलं, होते होते म्हणतेत. आता तोंडी नाही. ग्रामपंचायतीचा ठराव घेऊ, शाळेचं पत्र जोडू, अन् एक कॉपी कलेक्टर साहेब अध्यक्ष असतात त्या जिल्हा रस्ता सुरक्षा समितीले पाठवू. काका तुम्ही घासलेले टायर फेकले नाही न? त्याचे फोटो पाह्यजे.

सायकलवाले काका:
अकरा टायर ठेवले आहेत ताई, खुंटीले टांगून. एकेकावर पोरीचं गाव अन् कुठं पडली ते चुन्यानं लिहितो आज रात्री.
पण ठरावाले टाइम लागन अन् शाळा तं थांबत नाही. जोडरस्ता ते शाळा एवढा तुकडा आपणच मुरूम टाकून दाबला तं? पाण्यानं वाहून जाईन थोडा, तरी जुलै निघून जाईन.

ट्रॅक्टरवाले भाऊ:
पेरणी पाण्यासाठी अडलीच आहे, ट्रॅक्टर उभाच आहे. चार ट्रीप मारून देतो, डिझेल कोणी देऊ नका. मुरूम कुठून आणाचा तेवढं ताई सांगा

सरपंचताई:
तळ्याचा गाळ काढला तवा खालून निघालेल्या मुरमाचा ढीग आहे, तो ग्रामपंचायतीचाच आहे, उचला. रोडाच्या ऑफिसले फोन करून सांगून ठेवते.

मावशी (मारुतीच्या देवळाजवळच्या):
आम्ही बचत गटाच्या बाया येतो सकाळी सहाले, ऊन व्हायच्या आत. टोपले आहेत आमच्याजवळ.

सायकलवाले काका:
माझ्याकडे मांगून चमकणारी लाल पट्टी आहे, एक बंडल. पोरीयच्या सायकली रविवारी दुकानात पाठवा, मडगार्डले लावून देतो, ब्रेकचे रबर बी पाहून घेतो, पैसे नाही. भाऊ तुमच्या ट्रॉलीले बी मांगून लावाची आहे, ती बी आणजा, रात्री उभी असली की दिसतच नाही.

ट्रॅक्टरवाले भाऊ:
आणतो

मावशी (मारुतीच्या देवळाजवळच्या):
काका माझ्या पोरीच्या सायकलीत हवा नाही, सहा महिन्यापासून उभी आहे, ढकलत आणते ती